तोफेच्या जागी वीस माणसं

नवरा गेल्याचं वर्ष सरायच्या आत बाईमाणसानं सणाला परक्याच्या दारात जाऊ नये, असं जाऊबाई पुन्हापुन्हा सांगत होत्या. मी ऐकून घेतलं, प्रुफांचं पुडकं पिशवीत घातलं आणि सांगलीहून निघाले. पोळा तोंडावर आला होता. आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो केव्हाच होऊन गेला होता. विदर्भात तो आता यायचा होता. आणीबाणी उठली ते वर्ष. नागपूर मी तोवर नकाशात आणि संत्र्यांच्या करंड्यांवरच पाहिलं होतं.

कशासाठी गेले ते आधी सांगायला हवं. हे शाळेत गणित शिकवत आणि मी त्याच शाळेचं ग्रंथालय सांभाळत असे. यांना यंत्रांचं वेड. युद्धात वापरलेल्या यंत्रांवर मराठीत एक नीट पुस्तक असावं म्हणून ते बरीच वर्षं खपत होते. त्या पुस्तकातलं एक प्रकरण त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचं होतं. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यासारख्या साखळ्यांवर आपली आपण चालणाऱ्या तोफा होत्या. पायदळाला शत्रूच्या माऱ्यातून पुढं न्यायला चिलखती गाड्या पुरेनात, तेव्हा अशा काही गाड्यांवरची तोफच उतरवली गेली. तोफ जिथून बाहेर डोकावे ते भगदाड पोलादी पत्र्यानं बुजवलं, गोळे ठेवायचे कप्पे उपटले आणि त्या रिकाम्या पोटात सैनिक बसवले. वर छप्पर नाही, पण चारी बाजूंना पोलाद. गोऱ्या सोल्जरांनी त्या गाडीला कांगारू म्हणायला सुरुवात केली, कारण ती पोटाशी पिलं घेऊन धावे.

इटलीतल्या लढाईत अशा गाड्यांवर काम केलेला एक माणूस नागपूरला आहे हे यांना वर्तमानपत्रातल्या एका निवेदनाच्या उत्तरातून कळलं. नत्थूजी त्यांचं नाव. घराणं विणकरांचं, पण हे लष्करी वर्कशॉपमध्ये वेल्डर झालेले. दोघांचा पत्रव्यवहार कितीतरी वर्षं चालला. भेट झाली नाही. यंदाच्या पोळ्याला जायचं ठरलं होतं, आणि हे माघातच गेले.

ते गेल्यावर प्रकाशकांकडून प्रुफं आली. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी ती तपासली होती. या प्रकरणाच्या समासात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं की लेखक म्हणतो गाडीत दोन बाकं होती आणि लेखकच म्हणतो गाडीत वीस माणसं बसत; त्या मापाच्या जागेत दोन बाकांवर दहाच्या वर माणूस बसूच शकत नाही; साक्षीदार विश्वासार्ह नाही; प्रकरण गाळावं, फार तर परिशिष्टात ऐकीव माहिती म्हणून द्यावं. प्रकाशकांनी सोबतच्या चिठ्ठीत कळवलं होतं की पोळा झाला की छपाई सुरू होईल, तोवर आपला निर्णय सांगावा.

मी गणितातली नाही, पण हे गणित मलाही जमलं. बाकं खरी असतील तर वीस खोटं. वीस खरं असेल तर बाकं खोटी. दोन्ही नत्थूजींनीच सांगितलेलं. म्हणजे एक तर हा माणूस थापाड्या होता आणि यांनी आयुष्याची संध्याकाळ एका थापाड्याच्या पोस्टकार्डांवर घालवली होती, नाहीतर ते पेन्सिलवाले गृहस्थ चुकत होते. यांना आता काही विचारता येत नव्हतं. नत्थूजींना येत होतं.

कोराडी

पोस्टकार्डांवरचा पत्ता कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतला होता. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत सामान टाकून मी सकाळच्या बसनं निघाले. पुढं कोळशाचे ट्रक, मागं कोळशाचे ट्रक, मधे आमची बस. माझी पांढरी साडी उतरेपर्यंत करडी झाली होती. शेजारच्या बाईनं ती पाहिली आणि म्हणाली, "बाई, इथी पांढरं घालून कोणी येते का? इथले तं बगळेही काळे आहेत."

नत्थूजींचा मुलगा वीजकेंद्रात कामाला. दार सुनेनं उघडलं. दोरीवरचे कपडे झटकत झटकतच ती माझ्याशी बोलली. प्रत्येक झटक्यासरशी राख उडत होती.

"मामाजी? मामाजी इथी कुठी? थे तं सक्करदऱ्याले गेले. बडग्या बनवून राहिले."

बडग्या म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी तसं म्हटल्यावर ती कपडे टाकून माझ्याकडे पाहत राहिली.

"तुमच्या सांगलीत मारबत नाई निघत? मंग तुमच्या गावची रोगराई जाते कशी?"

मी म्हटलं, "जात नाही. तिथंच राहते."

ती खळखळून हसली आणि तिनं मला आत घेऊन चहा दिला. तिच्याकडून कळलं ते असं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा, एक काळी आणि एक पिवळी. तिच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्यांतून बडगे निघतात. बडगे म्हणजे बांबू, कागद आणि चिंध्या यांचे पुतळे. त्या वर्षी लोकांना ज्या गोष्टीनं छळलं असेल तिचा बडग्या करायचा, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत गावातून फिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. महागाई, साथीचे रोग, पुढारी, कुणालाही सूट नाही.

"आणीबाणीत जरा दबून होते लोक," ती हळू आवाजात म्हणाली. "यंदा पाहा तुमी."

आमच्या गावी होळीला बोंब मारतात, पण ती सगळ्यांनी सगळ्यांच्या नावानं. असं नाव घेऊन, पुतळा करून हाकलून देणं मला नवं होतं, आणि मनातून आवडलं.

सक्करदरा

तलावाजवळच्या एका गल्लीत नत्थूजींचं जुनं घर. घरापुढं मोकळी जागा होती आणि तिथं बांबूंचा ढीग पडला होता. ढिगाशेजारी एक प्रचंड मुंडकं वाळत होतं, लाल जीभ आणि सुपाएवढे कान. महागाईचा राक्षस. त्याच्या कानाला खळ लावत एक उंच, हाडकुळे गृहस्थ उकिडवे बसले होते. मी नाव सांगितल्यावर ते उठले. हात खळीनं भरलेले, म्हणून नमस्कार कोपरांनीच केला.

"मास्तरनं मले फसवलं," ते म्हणाले. "पोळ्याले येतो म्हणे. मी म्हातारा, रोज मरून राहिलो, अन् पुढे कोण गेलं तं मास्तर!"

बायको आतून ओरडली, "घरात तं घ्या बाईले! आल्याबरोबर मरणाच्याच गोष्टी!"

ती अनुसयाबाई. बुटकी, गोल, आणि नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असणारी. तिनं धर्मशाळेचं नाव काढू दिलं नाही. माझं सामान आणायला एक सायकलरिक्षावाला पाठवला, त्याचं नाव गणपत. त्याचं पोट हँडलला टेकत असे.

दुपारी जेवायला पाटोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या आणि वर काळपट लाल कट. मी कोल्हापूरच्या शेजारची, तिखट आम्हाला कोण शिकवणार, अशा तोऱ्यात मोठा घास घेतला. कोल्हापूरचं तिखट समोरून येतं. हे मागून आलं. आधी काहीच नाही, मग कान गरम झाले, मग डोळ्यांतून धारा लागल्या आणि थांबेनात. हे गेल्यापासून मी चारचौघांत रडले नव्हते. अनुसयाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "रडून घे वं. रश्शाच्या नावावर रडून घे. कोणी विचारत नाई."

जेवण झाल्यावर मी प्रुफं काढली आणि प्रकरण वाचून दाखवलं. नत्थूजी डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. तिथं यांनी लिहिलं होतं की मारणाऱ्या यंत्रातून माणसांना वाचवणारं यंत्र घडलं.

"हे काय लिहिलं? वाचवणारं कायचं? वाचवायचं असतं तं घरी पाठवलं असतं. गाडी नेऊन सोडे शत्रूच्या दारात. तिथवर जिवंत न्यायचं, येवढंच तिचं काम. पुढचं ज्याचं त्याचं."

हे वाक्य यांना फार प्रिय होतं. मी पेन्सिल घेतली आणि ते खोडलं. खरं नसेल ते त्यांच्या नावावर कशाला ठेवायचं?

मग मी समासातली टीप वाचली. 'साक्षीदार विश्वासार्ह नाही' इथं पोचले तेव्हा नत्थूजींनी डोळे उघडले.

"म्हणजे मी लबाड?"

"त्यांनी तसं लिहिलंय."

"तुमाले काय वाटते?"

खरं सांगायला मी सांगलीहून आले होते. म्हटलं, "मला ठाऊक नाही. बाकं आणि वीस माणसं एका वेळी कशी, ते मला कळत नाही. म्हणून आले."

अनुसयाबाई हसली. "बरं विचारलं बाईनं. या बुढ्याले घरात असं कोणी विचारत नाई."

"बाकं मी सोता लावली," नत्थूजींचा आवाज चढला. "या हातानं! लोखंडाचे ब्रॅकेट वेल्डिंग केले, वर लाकडाच्या फळ्या. अन् वीस मी सोता मोजले. सरावाच्या मैदानात शिट्टी वाजली न एका गाडीतून भदाभदा वीस जवान उतरले. मले अचंबा वाटला म्हणून दुसऱ्या गाडीचे मोजले. वीस!"

"आत बसलेले पाहिले होते?"

"बसलेले कायले पाहू? उतरतानी मोजले न!"

"मग बसले कसे?"

"बसले असतीन कसेतरी!" ते उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं रागावून गेले. अंगणातून त्यांचा आवाज आला, "अबे गणपत, त्या राक्षसाले बाजूले घे. गाडी बनवायची आहे."

मोहल्ल्यात गोंधळ उडाला. राक्षसाचं मुंडकं तयार, अंग तेवढं राहिलेलं, आणि आता हा म्हातारा नवीनच काढतो म्हणजे काय? महागाईला यंदा सोडून द्यायचं का? वाद सांजवेळेपर्यंत चालला. शेवटी गणपतनं तोड काढली. गाडी करायची, आणि तोफेच्या जागचं भगदाड राक्षसाच्या मुंडक्यानं बुजवायचं. पोलादाच्या जागी महागाई. सगळ्यांना ते पटलं. कुणीतरी म्हणालं, "तसंही महागाईतून गोळी आरपार जात नाई."

पोळ्याचा दिवस

नागपूरकडच्या पोळ्याचं वर्णन पुष्कळांनी केलं असेल. झुली, बाशिंगं, शिंगांना रंग, तोरणाखाली उभे बैल. मी त्यातलं फार पाहिलं नाही, कारण सकाळपासून आम्ही अंगणात बांबू बांधत होतो. वर्ष न सरलेल्या बाईनं सणाच्या दिवशी काय करावं हा प्रश्न तिथं कुणी काढला नाही. नत्थूजींनी माझ्या हातात टेपचं दुसरं टोक दिलं आणि म्हणाले, "धरा."

मापं यांनी प्रकरणासोबत काढलेल्या आराखड्यातली घेतली. मापांबद्दल पेन्सिलवाल्या गृहस्थांचीही तक्रार नव्हती. गाडीचा सांगाडा पूर्ण नाही केला, फक्त पोट केलं, माणसं बसायची ती जागा. चारी भिंती बांबूच्या, बाहेरून गोणपाट, पुढं राक्षस. तळ ठेवला नाही, कारण मिरवणुकीत माणसांनी आत उभं राहून खांद्यावर घेऊनच ते चालवायचं होतं. नत्थूजींनी दोन्ही बाजूंना हुबेहूब त्याच उंचीवर फळ्या बसवल्या.

"बसा," त्यांनी हुकूम सोडला.

मोहल्ल्यातले वीस गडी जमवले होते, ते आत शिरू लागले. एका बाकावर पाच, समोरच्या बाकावर पाच. गुडघ्याला गुडघा भिडला. अकरावा शिरू पाहत होता, त्याला जागा होईना. नत्थूजी ओरडत होते, "दाबून बसा! सरका! अबे गणपत, पोट आत घे!" गणपत म्हणाला, "पोट आत घेतलं तं श्वास बाहेर राहते, काका."

मी बाहेर उभी होते. दहा. पेन्सिलीनं लिहिलं होतं तेवढेच. बाकीचे दहाजण बाहेर उभे राहून हसत होते. मला हसू येत नव्हतं. यांच्या टेबलावरचा पोस्टकार्डांचा गठ्ठा डोळ्यांपुढं आला. प्रत्येक कार्डाखाली यांनी लाल शाईनं 'उत्तर दिले' असं लिहून ठेवलं होतं.

अनुसयाबाई ओट्यावर होती. सणाचं सारवण चाललं होतं, शेणाची पाटी शेजारी. कंबरेवर हात ठेवून तिनं त्या दहाजणांकडे पाहिलं.

"अवो, हे काय ध्यान! समद्यायची मुंडकी वरून दिसून राहिली. तो जर्मन काय आंधळा होता का?"

"तू चूप बैस वं," नत्थूजी म्हणाले.

"चूप कायची? मी जर्मन असती तं बसल्या जागेवरून मारलं असतं." आणि तिनं पाटीतला एक गोळा उचलून नेम धरून फेकला. तो गणपतच्या टोपीवर बसला.

पुढं झालं ते कुणी ठरवून केलं नाही. दुसरा गोळा येताना दिसला तसे सगळे धपाधप खाली बसले. घाईत एक फळी निसटली, दुसरी गणपतनं स्वतःच ओढून बाहेर भिरकावली. आतले उकिडवे बसले होते. ही माणसं सकाळी कामाच्या नाक्यावर बसतात तशी, बिडी ओढताना बसतात तशी. टाचा जमिनीला, गुडघे छातीशी, मागच्याच्या गुडघ्यांमध्ये पुढच्याची पाठ. बाहेरून एकही डोकं दिसत नव्हतं. आणि मध्ये अर्धी जागा मोकळी होती.

अनुसयाबाई तिसरा गोळा हातात घेऊन थबकली. "गेले कुठी?"

मी बाहेर उभ्या असलेल्यांना म्हणाले, "तुम्हीही जा आत."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. दहाजण शिरले. ते बसले. मी भिंतीवरून वाकून मोजले. पुन्हा मोजले. वीस. गणपतसकट वीस.

मी नत्थूजींकडे वळले, तर ते भिरकावलेल्या फळीवर बसले होते आणि फळीवरूनच हात फिरवत होते. मग म्हणाले, "साले चोर म्हणत होतो मी त्यायले."

"कुणाला?"

"जवानांले. गाड्या दुरुस्तीले परत येत न, तं फळ्या गायब. ब्रॅकेट कापलेले. दरवेळी. आमी पुन्हा लावत, त्या पुन्हा गायब. मी म्हणो, थंडीत शेकोटीले जाळून राहिले. सुभेदारासमोर शिव्या घातल्या त्यायले. तीस वर्सं झाले, आजही कोणी शेकोटी पेटवली का मले त्या फळ्या आठवते." ते मान हलवत राहिले. "आमाले नकाशा गोऱ्यानं देल्ला. त्यात बाकं होती, कारण गोरा बाकावर बसते. आमी बाकं लावली. अन् आत बसणारा आपला माणूस. तो कायले बाकावर मुंडकं वर काढून बसते?"

"मास्तरांनीही बाकंच काढली होती," मी म्हणाले. "आराखड्यात."

"मास्तरही खुर्चीवरच बसत असतीन."

ते खरं होतं.

मग लगेच त्यांचा मूळ स्वभाव परत आला. बोट उगारून म्हणाले, "पण जाळल्या तं होत्याच त्यायनं!"

"जाळल्या तं जाळल्या," अनुसयाबाई ओट्यावरून म्हणाली. "काढल्यावर काय घरी आणून पूजा करतीन?"

त्या संध्याकाळी पुरणपोळी होती, कढी होती, आणि मी जेवले. किती महिन्यांनी भूक लागली होती.

मारबत

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजींनी माझ्यापुढं पुठ्ठा आणि कुंचला ठेवला. बडग्यावर काहीतरी लिहावं लागतं. कुणाला हाकलायचं ते मारबतीला कळायला हवं.

"महागाई लिहू?"

"महागाई तं मुंडक्यावरून दिसतेच. तुमी तुमचं लिहा."

मी ग्रंथालयातल्या कपाटांवर चिठ्ठ्या लिहिणारी बाई. त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: 'बसूच शकत नाही म्हणणाऱ्याला घेऊन जा गे मारबत.' गणपतनं वाचलं आणि 'म्हणणाऱ्याले' करा म्हणाला, नाहीतर मारबतीला समजणार नाही. मी केलं.

मिरवणूक मी पहिल्यांदाच पाहत होते. इतवारीतल्या गल्ल्यांतून माणूस मुंगीसारखा भरला होता. गच्च्यांवर बाया, दुकानांच्या फळ्यांवर माणसं. काळी मारबत डुलत चालली होती, लोक तिच्या अंगावर आपापली दुखणी ओरडून टाकत होते. खोकला घेऊन जा, कर्ज घेऊन जा, सासू घेऊन जा. पुढाऱ्यांचे बडगे इतके की कोण कुठला ते कळेना. आमची गाडी त्यात वीस माणसांच्या पायांवर चालली होती. बाहेर खांद्यापासून वर माणसं आणि पुढं लाल जीभ काढलेला राक्षस. नत्थूजी शिट्टी घेऊन शेजारून चालत होते.

पहिल्या चौकात त्यांनी शिट्टी फुंकली. वीसच्या वीस माणसं सांगाडा घेऊन खाली बसली आणि दिसेनाशी झाली. रस्त्याच्या मधोमध एक रिकामी पेटी उरली. गर्दी एकदम चूप झाली. पुन्हा शिट्टी. वीसजण ओरडत उभे राहिले: "बसूच शकत नाही म्हणणाऱ्याले..." आणि तो चौक, ज्याला या भानगडीतलं काही ठाऊक नव्हतं, गरजला: "घेऊन जा गे मारबत!"

कोणत्या माणसाला कोणी काय म्हटलं होतं कोण जाणे. प्रत्येकाला कुणीतरी, कधीतरी, तुला जमणार नाही असं म्हटलेलं असावं. पुढच्या चौकांत लोकांनी आमच्याआधीच आरोळी ठोकली. मीही ओरडले. माझ्या आवाजात ओरडायची ताकद आहे हे मला चाळिशी उलटल्यावर नागपुरात कळलं.

पुरावा म्हणून मी नंदनवन वस्तीतल्या एका फोटोवाल्याला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं होतं. माणसं आत असतानाचा फोटो हवा, असं बजावलं होतं. तो बिचारा दुकानाच्या ओट्यावर चढून तयार होता. पण गर्दीत त्याला धक्का बसला, आणि नेमकी शिट्टी वाजल्यावर त्याचं बटण दाबलं गेलं. रोलमधला तेवढाच फोटो निघाला. संध्याकाळी तो ओला ओला घेऊन आला. चौकात मधोमध एक बांबूची पेटी, पुढं राक्षस, आजूबाजूला हसणारी माणसं, आणि पेटीत कुणी नाही.

"बाईजी, माफ करा," तो म्हणाला. "सगळे गायब."

तोवर गाडी जळून गेली होती. गावाबाहेर सगळ्या बडग्यांसोबत तिलाही पेटवलं. गणपतनं मला विचारलं होतं, ठेवून द्यायची का. मी नको म्हटलं. बडग्या घरी नेत नाहीत, असं मला आता कळलं होतं. नत्थूजी आगीकडे पाहत उभे होते. एका जळत्या बांबूपुढं तळवे धरून म्हणाले, "बरा शेक लागते," आणि मग स्वतःशीच हसले.

पुणे

सांगलीला परत जाण्याआधी मी पुण्याला उतरले आणि थेट प्रकाशकांकडे गेले. ते भले गृहस्थ आहेत. चहा मागवला, यांच्या आठवणी काढल्या आणि म्हणाले, "वहिनी, परिशिष्टात घेऊ. नाव राहील, वादही होणार नाही."

मी नवा आराखडा पुढं ठेवला. माझ्याच हातचा. बाकं पुसलेली, त्या जागी उकिडवी बसलेली माणसं, शेजारी मापं, आणि खाली बाकं का लावली आणि कुणी काढली त्याचं टिपण.

"हे परिशिष्टात नाही," मी म्हणाले. "हे प्रकरण आहे. नाहीतर सगळंच बाड मला परत द्या."

"पण ते अधिकारी म्हणतील..."

"त्यांनी आक्षेप घेतला तेव्हा उत्तर द्यायला हे नव्हते. आता मी आहे. आराखड्याखाली माझं नाव घाला. जे म्हणायचं ते मला म्हणू द्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांना पाकिटातून डोकावणारा फोटो दिसला. तो उचलून त्यांनी उजेडात धरला.

"हे काय?"

"तीच गाडी. नागपूरच्या रस्त्यावर. आत वीस माणसं बसली आहेत."

त्यांनी पुन्हा पाहिलं, फोटो तिरका करून पाहिला. "वहिनी, यात कुणीच दिसत नाही."

"दिसली असती तर मेली असती," मी म्हणाले.

त्यांनी फोटो आराखड्याशेजारी ठेवला. मग त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि समासातल्या टिपेवर आडवी रेघ मारली.

पुस्तक आलं आहे. प्रकरण जिथं होतं तिथंच आहे आणि फोटो पानभर छापला आहे.